पेढीचा जिना व त्याची दुरुस्ती

आमच्या सभासद बांधवांपैकी पुष्कळांची राहणी अद्यापि जुन्या वळणाची आहे. म्हणजे खाली पेढी व वर बिऱ्हाड. बेळगावात रविवार पेठ, खडे बाजार व शहापूर या भागांत अशी घरे आजही उभी आहेत, आणि बडोदे-इंदुराकडील आमच्या सोयऱ्यांची जुनी घरेही याच धाटणीची आहेत. अशा घरातील माणसे दिवसातून किती वेळा जिना चढतात-उतरतात याची नोंद कोणत्याही रोजमेळात होत नाही. दुकानाच्या दर्शनी भागावर, दिव्यांवर, काचेच्या कपाटांवर आपण हौसेने खर्च करतो. जिना मात्र आजोबांनी बांधला तसाच मोडेपर्यंत वापरावयाचा, असा जणू कुळाचार ठरून गेला आहे. आम्हीही त्याच पंक्तीतले. पुढील हकीकत आमच्या शहाणपणाची नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो.

आमच्या कापडाच्या पेढीमागील बोळातून वर जाणारा जिना सतरा पायऱ्यांचा आहे. सागवानी काम, बाजूस कातीव गजांचा कठडा, पायाशी चौकोनी खांब. त्या काळी खानापूर-दांडेलीकडून येणारे सागवान बेळगावच्या बाजारात सहज मिळे, आणि आजोबांनी गाभ्याचे लाकूड निवडून घेतले होते असे वडील सांगत. गाभ्याचे सागवान म्हणजे लाकडातील तपकिरी, तेलकट भाग. कडेचा पांढरट भाग तितका टिकाऊ नसतो आणि वाळवीस तोच प्रथम आवडतो. एवढे ज्ञान आम्हांस होते. त्यापलीकडे जिन्यासंबंधी आम्हांस काहीही ठाऊक नव्हते.

२०२२ सालच्या भाद्रपदात दशलक्षण पर्वातील एका सकाळी आमच्या मातोश्री बस्तीस जाण्यास निघाल्या. एका हातात अष्टद्रव्याचे ताट, दुसरा हात कठड्यावर. अखेरच्या पायरीवरून खाली पाऊल टाकताना तोल गेला आणि त्या बोळातच पडल्या. मनगटाचे हाड मोडले. वय शहात्तर. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातले आणि कमरेवर निभावले नाही हे भाग्य समजा, असे सांगितले. घरी जो तो म्हणू लागला की, आता वय झाले, नजर कमी झाली, एकटीने उतरू नये. मातोश्री त्यावर काही बोलल्या नाहीत. परंतु त्या दिवसापासून त्यांनी जिना उतरणेच सोडले. पर्वाचे उरलेले दिवस त्यांची पूजा वरच्या खोलीतच झाली. रोज बस्तीस जाणारी व्यक्ती आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर अडकून पडली, ही गोष्ट आमच्या मनास फार लागली.

मग आम्ही जे केले ते सांगण्यास संकोच वाटतो. जिना जुना व गुळगुळीत झाल्यामुळे पाय घसरला असावा, असे आम्ही धरून चाललो व ओळखीच्या एका पॉलिशवाल्यास बोलाविले. तो आला, दारातूनच जिन्याकडे नजर टाकली, वर-खाली एकदा पाहिले आणि आकडा सांगितला. आकडा स्वस्त होता. चार दिवसांत काम पुरे करून देतो म्हणाला आणि दिलेही. आश्विनाचा आरंभ होता, पाऊस उघडला नव्हता, भिंतींना ओल होती. त्याने जुना थर वरवर घासला, त्यावर चकचकीत व्हार्निशचे दोन हात दिले आणि पैसे घेऊन गेला. जिना आरशासारखा दिसू लागला. येणारेजाणारे वाखाणू लागले. पण चकाकी आली तशी पायरी पूर्वीपेक्षा अधिक निसरडी झाली, आणि होळीच्या सुमारास त्या व्हार्निशचे कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघू लागले. जुन्या तेलकट थरावर व ओलसर लाकडावर दिलेला हात धरत नसतो, हे आम्हांस पुढे कळले. त्या गृहस्थास दोष देण्याचा आम्हांस फारसा अधिकार नाही. त्याने जे पाहिले त्याची किंमत सांगितली, आणि आम्हीही त्याला अधिक पाहावयास सांगितले नाही.

घरातील तरुण मंडळींचे म्हणणे पडले की, हा लाकडी जंजाळ काढून टाकावा व लोखंडी किंवा काँक्रीटचा जिना घालावा. लाकूड म्हणजे आगीचे भय. हे म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नव्हते. इंदूरच्या राजवाड्याचे वरचे लाकडी मजले १९८४ च्या दंगलीत आगीत गेले, हे तेथील आमच्या आप्तांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तथापि जाड सागवान जळताना बाहेरून कोळसा होत हळूहळू जळते, आणि उघडे लोखंड तापले की त्याचे बळ लवकर खचते, ही दुसरी बाजूही आहे. शिवाय आमच्या जिन्याच्या तिरप्या फळ्या भिंतीत व माडीच्या तुळईत अशा गुंतलेल्या होत्या की, जिना काढणे म्हणजे अर्धे घर उकलणे. हा विचार मागे पडला तो मुख्यतः खर्चाकडे पाहून, हे कबूल केले पाहिजे.

२०२३ च्या दिवाळीनंतर एका व्यापारी मित्राने शहापूर भागातील एका वृद्ध सुतार मेस्त्रींचे नाव सुचविले. त्यांचा स्वभाव पाहता त्यांचे नाव येथे छापलेले त्यांना रुचणार नाही. आपण त्यांना मेस्त्रीच म्हणू. ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक मदतनीस मुलगा आणि एक पिशवी होती. आम्ही जिना दाखवून नेहमीप्रमाणे विचारले, "मेस्त्री, अदमासे किती होतील?" ते म्हणाले, "शेट, आधी जिना बघू देत. किती होतील ते जिना सांगंल."

यानंतर दोन तास त्यांनी जे केले ते आम्ही गल्ला सोडून पाहत बसलो.

प्रथम त्यांनी जिन्याखालची अडगळ काढविली. गेल्या कित्येक वर्षांत कोणी तेथे गेले नव्हते. रिकामी खोकी, जुन्या वजनकाट्याची पारडी, फुटकी घागर असे सारे बाहेर आले. मग ते विजेरी घेऊन आत शिरले. जिन्याची खरी तपासणी खालूनच होते, असे त्यांचे म्हणणे. वरून दिसते ती झीज. सांधे खालून दिसतात. प्रत्येक पायरीची आडवी फळी दोन्ही बाजूंच्या तिरप्या फळ्यांच्या खाचांत बसविलेली असते आणि खालून पाचर ठोकून घट्ट केलेली असते. वर्षानुवर्षे पावसाळ्यात लाकूड फुगते व उन्हाळ्यात आटते, त्यामुळे पाचरी सैल होतात. मग पाय पडला की फळी हलते, जुन्या खिळ्यावर घासते आणि करकरते. लोक वरून आणखी एक खिळा ठोकतात. काही महिने आवाज थांबतो, मग तोही खिळा सैल होऊन करकरण्यात सामील होतो. आमच्या जिन्यात अशा खिळ्यांच्या तीन पिढ्या निघाल्या.

मग त्यांनी मोगरीच्या दांड्याने एकेक लाकूड ठोकून आवाज ऐकला. भरीव लाकडाचा आवाज निराळा, पोखरलेल्याचा निराळा. सर्वांत खालच्या भागी, तिरपी फळी जमिनीस टेकते तेथे, मातीच्या बारीक नळ्या दिसल्या. वाळवी! आम्ही घाबरलो. आमच्या घरात औषध फवारून जीव मारणे हा विषय निघाला की काय होते हे वाचकांस सांगावयास नको. मेस्त्रींनी नळी फोडून पाहिली. आत कोरडी माती होती. ते म्हणाले की, ही जुनी आहे; येथे पूर्वी ओल होती, ती गेली, तशी वाळवीही गेली. आठवण केली तेव्हा लक्षात आले की, पलीकडच्या मोरीचा नळ आठ-दहा वर्षांपूर्वी बदलला होता. जमिनीतील वाळवीस ओलावा व मातीपासून लाकडापर्यंत आडोशाची वाट लागते. या दोन्ही गोष्टी तोडल्या तर बहुतेक वेळा पुढचा प्रश्नच उरत नाही. फळीचे खराब झालेले टोक कापून तेथे दगडी बैठक द्यावी, म्हणजे लाकूड जमिनीस शिवणार नाही व नळी चढू लागली तर डोळ्यांस दिसेल, अशी त्यांनी तोड सुचविली. ती आम्हांस सर्वार्थाने मानवली.

पण महत्त्वाची गोष्ट याहून पुढची आहे. पिशवीतून घडीची फूटपट्टी काढून ते वरपासून एकेक पायरीची उंची मोजू लागले. मदतनीस वहीत मांडीत होता. सात इंच, सात इंच एक सूत, सूत कमी सात, सात. सोळा पायऱ्या अशाच गेल्या. जुन्या सुतारांचा एक हिशेब आहे: दोन पायऱ्यांची उंची व एका पायरीची रुंदी यांची बेरीज दोन फुटांच्या आसपास यावी, म्हणजे पाऊल सहज पडते. आमच्या पायऱ्यांची रुंदी दहा इंच. सात अधिक सात अधिक दहा, म्हणजे हिशेब चोख. अखेरची सतरावी पायरी, जिच्यावरून जमिनीवर पाऊल पडते, ती त्यांनी दोनदा मोजली.

"पाच इंच," ते म्हणाले. "शेट, ही फरशी कधी घातली?"

आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. २०२१ च्या उन्हाळ्यात दुकानाचे नूतनीकरण करताना जुन्या शहाबादी फरशीवरच नवी गुळगुळीत फरशी बसविली होती. जुनी फरशी उखडण्याचा खर्च व धूळ वाचावी, म्हणून मालाचा थर व फरशी मिळून दोन इंच जमीन वर आली. तीच फरशी मागल्या बोळात जिन्यापर्यंत नेली होती, एकसारखी दिसावी म्हणून.

मेस्त्रींनी समजावून सांगितले. माणूस जिना डोळ्यांनी उतरत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायास उंचीचा अंदाज येतो आणि पुढचे सारे पाय आपोआप करतात. सोळा वेळा सात इंच खाली गेलेले पाऊल सतराव्या वेळीही सात इंचांची अपेक्षा करते. तेथे जमीन दोन इंच आधीच आली की गुडघ्यास दणका बसतो व तोल जातो. चढतानाही तेच: पहिली पायरी ठेंगणी मिळाली की दुसरीच्या कडेला अंगठा आपटतो. आमचा धाकटा मुलगा दीड-दोन वर्षे दुसऱ्या पायरीस ठेचाळत होता आणि आम्ही त्यास धांदरट म्हणत होतो. गाठोडी वर नेणारा हमालही एकदा तेथेच कोलमडला होता. मातोश्रींची नजर, वय, घसरडे लाकूड, सगळ्यांस दोष दिला. आमच्या फरशीस कोणी दिला नाही.

त्या सायंकाळी आम्ही वर जाऊन मातोश्रींस हे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हणणार होते, जमीन लवकर लागली म्हणून. पण तुम्ही सगळे वयावर बोलत होतात."

दुसऱ्या दिवशी कामाचा करार ठरला. आम्ही व्यापारी, आमचा आग्रह सारे काम उक्ते द्यावयाचा. मेस्त्रींनी त्यास साफ नकार दिला. सुतारकामाची रोजंदारी आणि पॉलिशचे तेवढे उक्ते, असे त्यांचे म्हणणे. कारण विचारता म्हणाले की, फळ्या काढल्यावर आत काय निघेल ते आज कोणालाच दिसत नाही. उक्ते घेतले तर एक तर मी आधीच जास्त सांगेन, नाही तर आत निघालेले झाकून टाकीन. या म्हणण्यात आम्हांस खोट काढता आली नाही. पॉलिशच्या मापाचा घोळही त्यांनीच आधी मिटविला. पायऱ्यांचे माप चौरस फुटांनी, कठड्याचे धावत्या फुटांनी. कठड्याच्या दरात दोन्ही बाजू व सारे गज धरलेले. माल आमचा, पावती आमच्या नावाची. ज्यांनी कोणी हे काम द्यावयाचे असेल त्यांनी या चार बाबी आधी कागदावर घ्याव्या, कारण तंटा होतो तो नेहमी येथेच. रकमेचा तिसरा हिस्सा उचल म्हणून द्यावयाचा, तिसरा सुतारकाम संपल्यावर, उरलेला पॉलिशनंतर, असे ठरत असता आम्ही हमीची गोष्ट काढली. ते म्हणाले, "लाकडाची हमी देत नाही, शेट. माझ्या सांध्याची देतो. एक पावसाळा जाऊ देत, मग येऊन बघतो. तोवर थोडं राखून ठेवा." पहिल्या पॉलिशवाल्याच्या मानाने एकूण रक्कम पुष्कळ मोठी होती. तथापि त्याच्या आकड्यात काय नव्हते ते आता आम्हांस दिसत होते.

काम माघात सुरू झाले. लाकडाचे व पॉलिशचे काम कोरड्या हवेत, म्हणजे दिवाळी ते होळी या काळात करावे, ही मेस्त्रींची अट. बेळगावचा पावसाळा किती दमट असतो हे सर्वांस ठाऊक आहे. त्या हवेत स्पिरिटचे पॉलिश पांढरे पडते आणि लाकूड फुगलेले असताना बसविलेला सांधा उन्हाळ्यात उघडा पडतो. बदलावयाच्या लाकडात ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास असावा, असे त्यांनी सांगितले व वखारीत जाऊन, दोन टोके लाकडात खुपसून ओल दाखविणाऱ्या लहानशा यंत्राने तो मोजूनही घेतला. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाच्या पिशवीत असले यंत्र पाहून आमच्या मुलांनी तोंडात बोटे घातली.

पायऱ्यांची मधली झीज पाहून आम्ही सतराही फळ्या नव्या घेण्याच्या तयारीत होतो. मेस्त्रींनी एक फळी सोडवून उलटी केली. खालची बाजू आजोबांच्या काळातील रंधा मारल्यासारखी सपाट होती! दीड इंच जाडीच्या फळ्या. झिजलेली बाजू खाली घालून त्यांनी चौदा पायऱ्या पुन्हा वापरात आणल्या आणि तीनच नव्या केल्या. व्यापाऱ्याच्या जातीस ही युक्ती किती गोड लागली असेल याची कल्पना वाचक करू शकतील. मग खालून नव्या पाचरी, कोपऱ्यांत त्रिकोणी ठोकळे, आणि खिळ्यांऐवजी स्क्रू. चिकटविण्यापूर्वी सागवानाचा सांधा स्पिरिटने पुसून घेत, कारण या लाकडात मुळातच तेल असते व ते डिंकास धरू देत नाही.

डिंकाचा विषय निघाला तेव्हा मातोश्री वरच्या माळ्यावरून ऐकत होत्या. "मेस्त्री, सरस वापरता का?" त्यांनी विचारले. पूर्वीचा सुतारी सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करीत. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आला त्यानंतर हळूहळू तो मागे पडला. मेस्त्री म्हणाले, "नाही आक्का, आता पांढरा डिंकच." यावर त्यांचे समाधान झाले, पण पुढला प्रश्न अधिक अवघड होता. पॉलिश कशाचे?

मेस्त्री हयातभर लाखेचे पॉलिश करीत आले. चपडी स्पिरिटमध्ये भिजवून कापसाच्या बोळ्याने हात द्यावयाचे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे आपल्याभोवती जो थर करतात तो खरवडून चपडी होते. असंख्य किडे त्या थरातच असतात. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकास वर्ज्य म्हणून जे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत त्यांत लाखेचा व्यापार आहे, हे आपल्यापैकी अनेकांस पाठ असेल. मेस्त्रींनी काही लपविले नाही. उलट त्यांनी स्पिरिटचा बोळा खांबाच्या मागच्या, व्हार्निश न लागलेल्या बाजूस घासला. जुना थर विरघळून चिकट तपकिरी झाला. "आक्का, हे जुनं पॉलिशही लाखेचंच हाय," ते म्हणाले. ज्या कठड्यास धरून आम्ही तीन पिढ्या बस्तीस गेलो, त्याची ही ओळख आम्हांस नवी होती. ओळखण्याची ही रीत सर्वांच्या उपयोगाची आहे: स्पिरिटने मऊ पडले तर लाख, स्पिरिटने हलले नाही पण थिनरने विरघळले तर बहुधा लॅकर, दोन्हींनी काही झाले नाही तर तेलाचे अथवा अलीकडचे पॉलियुरेथेनसारखे.

मातोश्री एवढेच म्हणाल्या, "तेव्हा आम्हांला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, तर नको." मधमाशांचे मेणही त्यांनी नाकारले. मधाचा त्याग केलेल्या घरात त्याचे मेण कसे चालावे? मग दोन वाटा उरल्या. एक पॉलियुरेथेनची: दोन डबे मिसळून द्यावयाचे, वाळेपर्यंत त्याचा वास अपायकारक असल्याने खिडक्या सताड उघड्या ठेवावयाच्या, टिकाऊ भरपूर, मात्र झिजल्यावर सारा थर घासून काढावा लागतो. दुसरी उकळलेल्या जवसाच्या तेलाची: लाकडात मुरते, चकाकी कमी, पाय घसरत नाही, परंतु पायरीवरचे तेल वर्षभरात उतरते व दर दिवाळीस पुन्हा एक हात द्यावा लागतो. मेस्त्रींनी दोन्हींचे गुणदोष सांगून निवड आमच्यावर सोपविली. आमचा कल पहिलीकडे होता, कारण एकदा खर्च केला की विसरता येते. मातोश्रींनी दुसरी निवडली. दरवर्षी हात द्यावा लागला तर दरवर्षी कोणीतरी जिन्याकडे पाहील, असे त्यांचे कारण होते, आणि ते ऐकल्यावर वाद घालण्याचे तोंड आम्हांस उरले नव्हते.

वरच्या कठड्यावर वडिलांच्या काळी हिरवा तैलरंग दिलेला होता. तो मेस्त्रींनी कोरडा घासू दिला नाही. जुन्या रंगांत सफेता, शेंदूर अशा रूपांत शिसे असे. त्याची धूळ मुलांस फार घातक. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले; त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये. पाणी मारून, पटाशीने खरवडून, खरवड पिशवीत भरून त्यांनी ते काम केले, आणि तेवढे दिवस मुलांस मामाकडे पाठविले.

तेलाचे तीन हात दिले. घरातील वावर थांबू नये म्हणून एका दिवशी विषम पायऱ्यांस व दुसऱ्या दिवशी सम पायऱ्यांस तेल, असा क्रम ठेवला. आठवडाभर आम्ही सारे एक सोडून एक पायरी चढत होतो. एक गोष्ट आम्ही विसरणार नाही. रोज संध्याकाळी मेस्त्री तेलाच्या चिंध्या मोजून पाण्याच्या बादलीत बुडवीत. कारण विचारले तेव्हा कळले की, जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर तेल वाळताना होणारी उष्णता आत कोंडते आणि त्या आपोआप पेट घेतात. विडी नको की ठिणगी नको. खाली आमचे कापडाचे गठ्ठे! लाकडी जिन्यास आगीचे घर म्हणणाऱ्या आमच्या तरुणांस ही माहिती नव्हती, आम्हांसही नव्हती. असे काम कोणाकडूनही करवून घ्या, पण दिवस मावळताना त्या चिंध्या कोठे आहेत हे स्वतः पाहा.

कठड्याची उंची तीस इंच होती, म्हणजे आजच्या मानाने कमीच. मेस्त्रींनी मातोश्रींस पायरीवर उभे करून हाताची उंची पाहिली व हात धरावयाची पट्टी छत्तीस इंचांवर नेली. दोन गजांमधील अंतर मुलाचे डोके शिरणार नाही असे, चार इंचांच्या आत आणले. भिंतीच्या बाजूसही एक गोलसर पट्टी बसविली, बोटांची पकड पुरी बसेल एवढ्या जाडीची. एका हातात ताट असले तर दुसऱ्या हातास कोणतीही बाजू मिळावी, एवढाच हेतू.

राहिली ती सतरावी पायरी. जिन्याखाली फळी घालून ती उंच करता येत नव्हती. तसे केले तर तिच्या वरची बिघडली असती. शेवटी बोळातील नवी फरशी आतल्या उंबरठ्यापर्यंत उखडून काढली. खालून आजोबांच्या काळची शहाबादी फरशी निघाली, थोडी चुन्याने माखलेली पण धड. दोन इंचांचा फरक आता उंबरठ्याशी आहे. तेथे माणूस सवयीनेच पाऊल उचलतो. दुकान व बोळ एकसारखे दिसत नाहीत. उखडलेल्या फरशा मागील अंगणात रचून ठेवल्या आहेत आणि त्यांची किंमत आमच्या खर्चखात्यात दोनदा लागली आहे: एकदा घालण्याची, एकदा काढण्याची.

महावीर जयंतीच्या दिवशी मातोश्री जिना उतरल्या. आम्ही खाली उभे होतो, पण हात पुढे करू नये असे त्यांनी बजावले होते.

२०२४ चा पावसाळा सरल्यावर मेस्त्री ठरल्याप्रमाणे आले. जिन्याखाली शिरून विजेरीने पाहिले, अकराव्या पायरीची एक पाचर मोगरीने दोन घाव देऊन घट्ट केली, दगडी बैठकीपाशी नळी चढलेली नाही हे आम्हांस दाखविले. दिवाळीस तेलाचा हात कसा द्यावयाचा ते आमच्या धाकट्यास शिकविले, चिंध्यांच्या बादलीसह. चहा घेतला आणि राखून ठेवलेली रक्कम मोजून घेतली. निघताना बोळाच्या उंबरठ्यावर थांबून त्यांनी एकवार फूटपट्टी काढली, सतरावी पायरी मोजली व घडी घालून खिशात ठेवली.